लोहगाव, दाबोळी, ओझर: सामायिक विमानतळांवरचे रॅम्पचे शिष्टाचार आणि जेट ब्लास्ट

विंडसॉक
लोहगावचा तळ हवाई दलाचा. 10/28 ही 2,535 मीटरची एकच धावपट्टी, त्यावर सुखोई-30 आणि प्रवासी विमानं दोन्ही. विमानतळ प्राधिकरणाकडे आहे तो सिव्हिल एन्क्लेव्ह, म्हणजे टर्मिनल आणि त्याच्यासमोरचा एप्रन (रॅम्प), विमानं उभी करण्याची फरसबंदी. दाबोळी नौदलाची, आयएनएस हंसा. ओझरची धावपट्टी एचएएलची, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सची. तिन्ही ठिकाणी एकाच टॅक्सीवेवर दोन वेगळ्या पद्धतींत शिकलेली माणसं एकमेकांच्या मागेपुढे चालतात.

या धाग्यात जेट ब्लास्टबद्दल, म्हणजे जेट इंजिनातून मागे सुटणाऱ्या झोताबद्दल, कामाची माहिती एकत्र करू या. इंजिनीअर, ग्राउंड हँडलिंगवाले, एटीसीवाले (हवाई वाहतूक नियंत्रण), फ्लाइंग क्लबवाले, सगळ्यांनी लिहा. विनंती एवढीच, की गुप्त असेल असं काही नको. कुठलं विमान कुठे उभं असतं, किती असतात, हे लिहू नका. त्याची इथे गरजही नाही.

माझं म्हणणं आधीच मांडतो. आफ्टरबर्नरचा, म्हणजे लढाऊ इंजिनाच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवण्याचा, आवाज ऐकून लोकांना वाटतं की धोका तिथे आहे. आफ्टरबर्नर लागतो धावपट्टीवर, आणि तेव्हा मागे कोणी नसावं याची व्यवस्था झालेली असते. शिडी उलटते, ट्रॉली पळते, खडा उडून दुसऱ्याच्या इंजिनात जातो तो एप्रनवर, आणि अगदी साध्या क्षणी: थांबलेलं विमान हलवताना आणि जागेवर वळवताना. तेव्हा शेपूट कुणाकडे आहे हे पॉवर वाढवण्यापूर्वी माहीत असणं, याला मी रॅम्पवरची सभ्यता म्हणतो. नाकासमोरचं सगळ्यांनाच दिसतं.

स्वरदा
चांगला विषय. माझा थेट प्रश्न: सुखोईच्या मागे किती अंतर सुरक्षित? एक आकडा द्या. आणि तो 737 पेक्षा किती जास्त?

टर्बोफॅन
@स्वरदा, एक आकडा देता येत नाही, पण तो का देता येत नाही हे समजलं की बरंच काही हाताला लागतं.

737-800 च्या एका सीएफएम56-7बी इंजिनाचा थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) टेकऑफला सुमारे 11,900 किलो. सुखोई-30 एमकेआयच्या एका एएल-31एफपीचा आफ्टरबर्नरसह 12,500 किलो. म्हणजे जवळपास सारखाच. फरक आहे तो थ्रस्ट कसा तयार होतो यात. सीएफएम सेकंदाला सुमारे 350 किलो हवा मागे ढकलतं, एएल-31 सुमारे 112 किलो. तिसऱ्या हिस्स्याच्या हवेतून तेवढाच थ्रस्ट काढायचा तर ती हवा जवळपास तिप्पट वेगाने बाहेर पडली पाहिजे. शिवाय ती कितीतरी जास्त गरम असते, कारण लढाऊ इंजिनात गाभ्याला वळसा घालून जाणारी थंड हवा कमी. बायपास रेशो सीएफएमचा 5 च्या आसपास, एएल-31 चा 0.6 च्या आसपास.

हा फरक जवळच्या भागातला. जसजसं मागे जावं तसतसा झोत आजूबाजूची हवा ओढून घेतो, रुंद होतो, मंदावतो. लांब अंतरावर त्याचा वेग ठरतो तो मुख्यतः एकूण थ्रस्टवर, नोझलच्या तोंडाशी वेग किती होता यावर नाही. अंतर दुप्पट झालं की झोताच्या मध्यरेषेवरचा वेग साधारण निम्मा होतो, आणि त्याचा दाब चतुर्थांश.

म्हणून सुखोईच्या मागे पहिल्या काही दहा मीटरांत भाजण्याचा आणि फेकलं जाण्याचा धोका 737 पेक्षा फारच जास्त. पण शंभर मीटरच्या पुढे, तितक्याच थ्रस्टला, दोघांत लोकांना वाटतो तेवढा फरक नाही. उलटही लक्षात ठेवा: "हे तर प्रवासी विमान आहे" म्हणून 737 च्या मागून ट्रॅक्टर नेणारा तितकाच चुकतो.

बोइंग आपल्या एअरपोर्ट प्लॅनिंगच्या आकृत्यांत झोताची बाहेरची कड ताशी 35 मैलांवर, म्हणजे सुमारे 56 किमीवर काढतं. टेकऑफ थ्रस्टला ही कड काही शे मीटर मागे जाते, आयडलला, म्हणजे इंजिन सगळ्यात कमी पॉवरवर असताना, काही दहा मीटरांत संपते. ब्रेकअवेला, म्हणजे थांबलेलं विमान हलवायला लागणाऱ्या पॉवरला, ती या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ते "कुठेतरी" वजन, उतार आणि वैमानिकाचा हात यांवर ठरतं. आयडलच्या आकड्यावर विसंबून मागे उभं राहणारा नेमका इथे फसतो.

आणखी एक. एएल-31एफपीचं नोझल वळणारं आहे, 15 अंशांपर्यंत. त्यामुळे झोत शेपटीच्या सरळ रेषेतच जाईल असं धरून चालू नका. दोन्ही बाजूंना जास्त मोकळी जागा हवी.

कोन_आणि_चॉक
वरच्या माहितीला रॅम्पवरचे आकडे जोडतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ढोबळ हिशेब:

ताशी 50 किमी: चौरस मीटरला सुमारे 12 किलो
ताशी 100 किमी: सुमारे 47 किलो
ताशी 150 किमी: सुमारे 105 किलो

उभ्या माणसाचा वाऱ्याला अडणारा भाग अर्ध्या चौरस मीटरहून थोडा जास्त. 100 किमीच्या झोतात त्याला पंचवीस-तीस किलोचा धक्का बसतो, तोही अचानक आणि बहुधा पाठीमागून. ओल्या काँक्रीटवर पाय टिकत नाही. हात टेकून पडला तर मनगट मोडतं.

प्रवासी शिडी बाजूने पाहिली तर पाच-सहा चौरस मीटर सहज भरते. तिला 100 किमीच्या झोतात अडीचशे-तीनशे किलोचा जोर लागतो, आणि तो वरच्या भागात लागतो म्हणून उलटायला सोपं. शिडीचे पाय, म्हणजे स्टॅबिलायझर, खाली न टेकवता "दोनच मिनिटं" म्हणून बाजूला उभी केलेली शिडी हा रॅम्पवरचा सगळ्यात वाईट प्रकार.

बॅगेज ट्रॉलीबद्दल: भरलेली ट्रॉली सहसा जागची हलत नाही. पळते ती रिकामी. त्यात ताडपत्रीचे पडदे उघडे असतील तर शीडच. रिकाम्या ट्रॉल्यांची रांग लावताना ब्रेक लागलाय का ते टो-बार हाताने उचलून-सोडून बघायचं. बहुतेक ट्रॉल्यांत टो-बार वर उभा केला की ब्रेक लागतो. स्प्रिंग गेलेली असेल तर बार उभा दिसतो आणि ब्रेक नसतो. अशी ट्रॉली वेगळी काढून तिला लाल टॅग लावा, रांगेत परत घालू नका.

कोनही वजनदार तळाचेच हवेत. हलका कोन उडाला की तोच एफओडी, म्हणजे विमानाला इजा करणारी बाहेरची वस्तू.

टोबार
पुशबॅक, म्हणजे टगने (ओढगाडीने) विमान बेवरून, उभं राहण्याच्या जागेवरून, मागे ढकलणं, नीट लिहितो, कारण अर्धी भानगड तिथे सुरू होते.

ग्राउंड कंट्रोल परवानगी देताना विमानाचं तोंड कुठे करायचं ते सांगतं: फेसिंग ईस्ट, फेसिंग वेस्ट. हे वाक्य ऐकलं की हेडसेटवाल्याने मनात उलटं करून घ्यायचं: तोंड पूर्वेला, म्हणजे झोत पश्चिमेला. पश्चिमेला काय आहे? शेजारच्या बेवर जोडलेली शिडी? चालत जाणारे प्रवासी? पलीकडे कव्हर काढलेलं हेलिकॉप्टर? शंका असेल तर ढकलण्यापूर्वीच कॉकपिटला सांगायचं. ढकलून झाल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

मग क्रम असा. नोज गिअरला बायपास पिन (पुढच्या चाकाचं स्टिअरिंग तात्पुरतं तोडणारी) बसली, टो-बार जोडला, चॉक (चाकांचे अडसर) काढले, विंगवॉकर (पंखांच्या टोकांशी चालत लक्ष ठेवणारे) दोन्ही टोकांना. मागची जागा मोकळी असल्याची खूण दोघांकडून मिळाल्याशिवाय "क्लिअर टू स्टार्ट" नाही. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली असणारा लाल बीकन (लुकलुकणारा दिवा) लागलेला असला की इंजिन चालूच आहे असं समजायचं, पंखा फिरताना दिसो वा न दिसो.

इंजिनाच्या तोंडाशी: 737-800 ला आयडलवर सुमारे 3 मीटर, पॉवर वाढवली की सुमारे 4 मीटर त्रिज्येत कुणी नको. आणि हा धोक्याचा भाग फक्त समोर नाही, तोंडाच्या कडेच्या थोडा मागेही येतो. ए-320 निओचा पंखा आणखी मोठा, त्याचा आकडा त्याच्याच मॅन्युअलमधून घ्या, 737 चा चालवू नका.

16 डिसेंबर 2015 ला मुंबईत एअर इंडियाच्या हैदराबादला निघालेल्या ए-319 च्या इंजिनात ओढला जाऊन एक तंत्रज्ञ मरण पावला. पुशबॅक झाला होता, माणूस अजून विमानाजवळ होता, आणि सगळे बाजूला झाल्याच्या गैरसमजात विमान हललं. म्हणून शेवटची पायरी कधीही गाळायची नाही: टो-बार सुटला, टग बाजूला, हेडसेट काढलं, सगळी माणसं एका बाजूला वैमानिकाला दिसतील अशी उभी, आणि मग लाल फीत लावलेली बायपास पिन हात वर करून दाखवायची. वैमानिकाने पिन पाहिली, हात दाखवला, की मगच तो टॅक्सी लाइट लावून निघेल. पिन न दाखवता नुसता अंगठा दाखवणं चालणार नाही.

सामायिक तळावर एक भर: शेजारी लढाऊ विमान चालू असेल तर कानाने काहीच कळत नाही. तुमच्याच विमानाचा एपीयू (शेपटीतलं छोटं सहायक इंजिन) चालू आहे की इंजिन, तेही नाही. इअरप्लग आणि वरून मफ, दोन्ही, आणि सगळं काम हातांच्या खुणांवर. विंगवॉकरने पाठ कुणाकडे केली आहे हे दर वेळी बघा.

मंदार_ओ
वैमानिकाच्या बाजूने भर. एअरबसच्या ए-320 ला टॅक्सी सुरू करताना 40 टक्के एन-वनच्या (इंजिनाच्या पंख्याच्या वेगाच्या) वर जायचं नाही असं पुस्तकात स्पष्ट आहे. बहुतेक वेळा आयडलहून किंचित वर पुरतं. 40 टक्क्यांना विमान हललं नाही तर आणखी पॉवर लावायची नाही, थांबून कारण शोधायचं: पार्किंग ब्रेक, राहिलेला चॉक, उन्हाने मऊ झालेल्या डांबरात रुतलेलं चाक. लिव्हर परत आयडलवर, मग ग्राउंडशी बोलणं.

दुसरा प्रसंग क्रॉसब्लीड स्टार्टचा. एपीयू बंद असेल तर पहिलं इंजिन बाहेरच्या एअर स्टार्ट युनिटवर चालू करतात आणि दुसरं पहिल्याच्या हवेवर. त्यासाठी 737 मध्ये चालू इंजिनाची पॉवर डक्टचा दाब 30 पीएसआय होईपर्यंत वाढवावी लागते. हा आयडलपेक्षा बराच जास्त झोत, आणि तो मिनिटभर टिकतो. हे बेवर, गर्दीत करू नये. पुशबॅक घेऊन शेपूट मोकळ्या गवताकडे करून, ग्राउंड कंट्रोलला "क्रॉसब्लीड स्टार्ट" असे शब्द सांगून, मगच. ते शब्द कानावर पडले की कंट्रोलर मागून जाणारी वाहनं थांबवतो.

लढाऊ विमानाच्या मागे रांगेत थांबावं लागलं तर नाक थेट त्याच्या नोझलमध्ये घालू नका. अंतर ठेवा, जमलं तर थोडं तिरकं थांबा. केबिनमध्ये रॉकेलसारखा वास आला तर पॅक (केबिनला हवा देणारी यंत्रणा) बंद करा आणि प्रवाशांना दोन वाक्यांत कारण सांगा. न सांगितल्यास मागे कोणीतरी आग आग म्हणून उठतं.

गणेश_प
हे सगळं ठीक. पण तळ हवाई दलाचा आहे. वाट बघायची ती सिव्हिलनेच, यात चर्चेला काय आहे?

विंडसॉक
@गणेश_प, प्राधान्य आणि शिष्टाचार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्क्रॅम्बल (लढाऊ विमानांचं तातडीचं उड्डाण) असेल, इंधन कमी असलेलं विमान परत येत असेल, तर प्रवासी विमान थांबणार, यावर कुणाचंच दुमत नाही. कंट्रोलरही हवाई दलाचाच असतो, तो सांगेल तसं. पण पहिलं जाण्याचा हक्क असला म्हणून मागच्यावर झोत सोडण्याचा हक्क मिळत नाही. आणि लढाऊ विमानं स्वतः हे कसोशीने पाळतात, कारण मागचा बहुधा त्यांचाच जोडीदार असतो. अमेरिकन हवाई दलाच्या एफ-16 च्या नियमांत टॅक्सीचं अंतर तिरक्या ओळीत 150 फूट आणि थेट मागे 300 फूट आहे. तिरक्या ओळीत कमी पुरतं, कारण मागचा पुढच्याच्या झोताबाहेर असतो. प्रवासी विमानाच्या पंखांचा विस्तार 36 मीटरपर्यंत, त्याला टॅक्सीवेवर तिरकं चालता येत नाही. म्हणून त्याला जास्त अंतर सोडावं लागतं, आणि पुढच्याने ते समजून घ्यावं लागतं.

मनोरा
@गणेश_प, कंट्रोलच्या दृष्टीने आणखी अडचण आहे. लढाऊ विमानं अनेकदा यूएचएफवर बोलतात, प्रवासी विमानं व्हीएचएफवर. कंट्रोलरला दोन्ही ऐकू येतात, त्या दोघांना एकमेकांचं नाही. साध्या विमानतळावर वैमानिक इतरांचं बोलणं ऐकून डोक्यात नकाशा तयार करतो. इथे तो नकाशा अर्धा असतो. म्हणून तीन सवयी:

पहिली, "बिहाइंड" असलेली परवानगी. "अमुक विमानाच्या मागे लाइन अप करा (धावपट्टीवर येऊन उभे राहा)" असं सांगितलं तर ते विमान स्वतःच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. लढाऊ विमान राखाडी, लहान, आणि बऱ्याचदा जोडीने. पहिलं गेलं म्हणून पुढे सरकलात आणि दुसरं अजून यायचं असेल तर? म्हणून सरळ विचारा: एक की दोन? विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही.

दुसरी, "कॉशन जेट ब्लास्ट" ऐकलं की फक्त "रॉजर" म्हणू नका. थांबा, अंतर बघा, हवं तर जास्त वेळ मागा.

तिसरी, ब्रेक पॅराशूट. सुखोई उतरल्यावर शेपटीतून पॅराशूट सोडतो आणि वेग कमी झाल्यावर ते टाकून देतो. ते गोळा करायला गाडी जाते. तेवढा वेळ मागचं प्रवासी विमान फायनलवर (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) असेल तर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) मिळू शकतो, तयारी ठेवा. टॅक्सीवेच्या तोंडाशी पडलेलं पॅराशूट दिसलं तर त्याच्या जवळून पॉवर लावून वळू नका. कापड झोताने उडतं, दोऱ्या चाकात गुंततात, आणि कापड इंजिनात गेलं तर ते इंजिन उतरवावंच लागतं. दिसलं की आधी टॉवरला कळवा, मग हला.

वाहनांबद्दलही लिहितो. 15 फेब्रुवारी 2020 ला लोहगावला एअर इंडियाच्या ए-321 ला धावपट्टीवर जीप दिसल्यामुळे वेळेआधीच नाक उचलावं लागलं, शेपटीकडचा पत्रा खरवडला. 16 मे 2024 ला तिथेच टॅक्सी करणारं एअर इंडियाचं विमान टगला धडकलं. दोन्हीत जेट ब्लास्टचा संबंध नाही, पण मुद्दा तोच: एन्क्लेव्हची रेषा ओलांडली की तुम्ही दुसऱ्याच्या अंगणात आहात. तिथे एस्कॉर्टशिवाय आणि रेडिओशिवाय चाक फिरवायचं नाही.

स्वरदा
ओआरपी म्हणजे काय? लोहगावच्या नकाशात धावपट्टीच्या टोकाशी रुंद फरसबंदी दिसते.

मनोरा
ऑपरेशनल रेडीनेस प्लॅटफॉर्म. तिथून सज्ज विमान क्षणात धावपट्टीवर येऊ शकतं. प्रवासी विमानासाठी त्याचा अर्थ एवढाच: तिथे विमान उभं असेल तर त्याच्या नाकाच्या रेषेतून कोणतंही वाहन जात नाही, कारण ते शस्त्रसज्ज असू शकतं. आणि त्याच्या शेपटीमागूनही नाही, कारण ते कधीही सुरू होऊ शकतं. म्हणजे वळसा घालायचा.

दाबोळीकर
दाबोळीचं गणित थोडं वेगळं आहे म्हणून लांब लिहितो.

तिथे नौदलाची तीन प्रकारची विमानं धरायची. मिग-29के, पी-8आय आणि हेलिकॉप्टरं. पी-8आयची आयएनएएस 316 ही स्क्वाड्रन 29 मार्च 2022 ला हंसावर दाखल झाली. पी-8आय मुळात 737-800 च्याच घराण्यातलं, इंजिनही सीएफएम56-7बी. त्यामुळे त्याच्या मागचं अंतर 737 सारखंच धरा, रंग राखाडी आहे म्हणून गोंधळू नका.

मिग-29केचा मुद्दा खड्यांचा. आरडी-33एमके आफ्टरबर्नरसह 9,000 किलोचं. जुन्या मिग-29 ला जमिनीवर असताना हवा आत घेण्याची मुख्य दारं बंद होत आणि हवा पंखाच्या वरच्या झडपांतून जाई. 29के मध्ये त्याऐवजी आत मागे-पुढे होणारी जाळी आहे. सुखोईलाही जाळी असते, चाकं आत गेल्यावर ती बाजूला होते. थोडक्यात, रशियन लढाऊ विमानांना खड्यांपासून काही संरक्षण असतं. तुमच्या ए-320 ला काहीच नाही. मिगने उडवलेला खडा मिगला चालेल, मागच्या प्रवासी विमानाच्या पंख्याच्या पात्याला चालणार नाही. पात्यावर नखभर खाच पडली तरी ती मोजून, घासून, नोंद करूनच विमान सोडता येतं. खाच मर्यादेबाहेर असेल तर पातं बदलायचं, आणि तोल राखायला समोरचं पातंही जोडीने. सगळी संध्याकाळ गेली.

दाबोळीचं पठार जांभ्याचं. पावसाळ्यात कडेच्या मातीतून जांभ्याचे बारीक खडे फरसबंदीवर येतात. प्रत्येक जोरदार सरीनंतर टॅक्सीवेच्या कडा झाडल्या पाहिजेत, मधली पिवळी रेघ नव्हे. मोठ्या विमानाचं बाहेरचं इंजिन कडेवरून जातं आणि तेच कडेचे खडे मध्ये आणून टाकतं. 180 अंशांत वळताना तर आतल्या चाकाभोवती विमान फिरतं, बाहेरच्या इंजिनाला पॉवर लागते, आणि झोत अर्धवर्तुळात सगळीकडे झाडू मारतो. जिथे पूर्ण लांबीचा समांतर टॅक्सीवे वापरता येत नाही आणि धावपट्टीवरच मागे जाऊन वळावं लागतं, तिथे हे रोजचं.

एफओडी म्हणजे नेहमी खडाच नाही. 8 जून 2019 ला दाबोळीत मिग-29केच्या उड्डाणावेळी जादा इंधनाची टाकी सुटून धावपट्टीवर पडली, आग लागली, आणि धावपट्टी काही तास बंद राहिली. अशा वेळी आग विझली म्हणजे काम संपलं असं नाही. पत्र्याचा शेवटचा तुकडा उचलून, सांडलेलं इंधन धुऊन, धावपट्टी पायी चालून बघितल्याशिवाय ती उघडत नाहीत. प्रवाशांनी विमान कंपनीच्या काउंटरवर आरडाओरडा करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावं.

हेलिकॉप्टरचा झोत खाली जातो आणि मग जमिनीला लागून चहूकडे पसरतो. हळू हवेत तरंगत जाणाऱ्या हेलिकॉप्टरपासून लहान विमानांनी रोटरच्या व्यासाच्या तिप्पट दूर राहावं हा जगभरचा नियम. ध्रुवचा रोटर 13.2 मीटर, म्हणजे 40 मीटर. कामोव्ह-31 चा सुमारे 16, म्हणजे 48. एमआय-17 चा 21.3, म्हणजे 64 मीटर. हेलिकॉप्टर जड असेल तर याहून जास्त सोडा, कारण तरंगायला जेवढं वजन पेलावं लागतं तेवढी हवा खाली ढकलावी लागते.

मोहरी
फ्लाइंग क्लबचं सेसना 172 घेऊन असल्या तळावर गेलं तर? क्रॉसकंट्रीत नागपूर, ओझरसारखी ठिकाणं येतात.

मंदार_ओ
@मोहरी, 172 चं जास्तीत जास्त वजन मॉडेलनुसार साधारण 1,100 किलोच्या आसपास, वर पंख. मागून तिरका झोत आला तर एक पंख उचलतो, दुसरा खाली टेकतो, प्रोपेलर जमिनीला लागतो. ताशी 50-60 किमीचा झटका पुरे.

टॅक्सी करताना जेटच्या मागून जाणं टाळा. बीकन फिरत असेल, पण जेट हलत नसेल, तर ते आता हलणार आहे असं समजा आणि थांबा. "मला मागून जाऊ दे, मग सुरू कर" असं ग्राउंडला सांगून पक्कं झालं तरच जा. थांबावंच लागलं तर नाक जेटकडे करून थांबा, शेपूट नाही. झोत मागून येणारच असेल तर योक (सुकाणू) पुढे, आणि आयलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) झोतापासून दूर, म्हणजे डाव्या मागच्या बाजूने झोत येत असेल तर योक उजवीकडे. बोलीभाषेत याला "डाइव्ह अवे" म्हणतात. पार्किंगमध्ये दोन्ही पंख आणि शेपूट बांधायची, गस्ट लॉक (योक जागेवर धरून ठेवणारं) लावायचं, चॉक चाकाच्या पुढे-मागे दोन्हीकडे. दोरी नाही असं उत्तर मिळालं तर स्वतःची तीन दोऱ्यांची पिशवी विमानात ठेवा. लष्करी तळावर दोरी अडकवायला कड्या असतीलच असं नाही, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या.

टर्बोफॅन
ओझरचा उल्लेख आला म्हणून: तिथे सुखोईची दुरुस्ती करणारा हवाई दलाचा 11 बेस रिपेअर डेपो आहे आणि एचएएलचं उत्पादनही. दुरुस्तीनंतर इंजिन जमिनीवर पूर्ण पॉवरला चालवून बघावं लागतं. हे एप्रनवर होत नाही. विमान जमिनीत रोवलेल्या अँकरला साखळीने बांधतात, मागे झोत वर वळवणारी भिंत असते. भिंतीमागे सुरक्षित वाटतं, पण झोत वर गेला की त्याच्यासोबत धूळ आणि खडे थोडं पुढे जाऊन खाली येतात. भिंतीला लागून गाडी लावू नका.

आणि हवाई दलाचं सी-17 उतरलं असेल तर एक वेगळी गोष्ट. ते रिव्हर्स थ्रस्टवर स्वतः मागे सरकू शकतं. तेव्हा त्याचा झोत पुढे आणि वर जातो. शेपटीकडून लांब राहायची सवय असलेला माणूस त्याच्या नाकासमोर निर्धास्त उभा राहतो. तिथेही मोकळं सोडा.

स्वरदा
आणि साधे प्रवासी? बसने न जाता चालत विमानापर्यंत जातात ते?

कोन_आणि_चॉक
प्रवाशांनी कोनांच्या आतल्या वाटेवरून, कर्मचाऱ्याच्या मागे, एका ओळीत. टोपी, स्कार्फ, बोर्डिंग पास, गळ्यातली सैल ओढणी हातात किंवा बॅगेत. लहान मुलाचा हात धरायचा, खांद्यावर बसवायचं नाही. फोटो काढायला थांबायचं नाही. संरक्षण तळावर ते बेकायदाही आहे, आणि थांबलेला माणूस मागच्यांना वाटेबाहेर ढकलतो.

कर्मचाऱ्यांसाठी: शेजारच्या बेवरच्या विमानाचा बीकन लागला की रांग टर्मिनलच्या दारातच रोखा. अर्धी रांग आत, अर्धी एप्रनवर असं नको. ते विमान निघून त्याचं शेपूट तुमच्या वाटेवरून पूर्ण वळून जाईपर्यंत थांबा. विमान सरळ जात असताना वाट मोकळी दिसते, पण टॅक्सीवेवर वळताना झोत पुन्हा एकदा तुमच्या वाटेवरून फिरतो. बहुतेक जण पहिल्या झोताला थांबतात आणि दुसऱ्याला रांग सोडतात.

टोबार
@कोन_आणि_चॉक +1. त्या दुसऱ्या झोतासाठी दाराशी उभ्या माणसाकडे वॉकी-टॉकी हवाच. विमान वळून सरळ झालं हे दारातून नेहमी दिसत नाही. बेवरच्या विंगवॉकरला दिसतं. त्याने "क्लिअर" म्हटल्याशिवाय दार उघडू नये.